कोऱ्या कागदावर पहिला बाण कुठून काढायचा?

कोरा_कागद

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सैद्धांतिक पेपरात एक गंमत हमखास दिसते. पुस्तकातला मेकॅनिझम (रिॲक्शन कुठल्या पायऱ्यांनी घडते ते) वाचताना इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले हे दाखवणारा प्रत्येक बाण पटतो. पुस्तक मिटून तीच संयुगं कोऱ्या कागदावर लिहिली की पहिला बाणच सुटत नाही. मग परीक्षेआधी पाठांतर होतं, आणि प्रश्नात एखादा मिथाइल इकडचा तिकडे झाला की सगळं मुसळ केरात.

माझ्या मते निम्मा दोष धड्यांच्या मांडणीचा आहे. ॲसिटल आल्डिहाइडच्या धड्यात, एस्टर ॲसिडच्या धड्यात, इमिन अमाइनच्या धड्यात. तिन्हींत कार्बोनिलच्या (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) कार्बनवर कुणीतरी येऊन बसतं, प्रोटॉन इकडून तिकडे होतो आणि पाणी निघून जातं, हे एका पानावर कुणी दाखवत नाही.

तर जाणकारांना तीन प्रश्न:
१. पहिला बाण कुठून सुरू करायचा हे कसं ठरवायचं?
२. एसएन१, एसएन२ (एका गटाच्या जागी दुसरा बसतो) आणि ई१, ई२ (गट निघून दुहेरी बंध होतो) यांचा तक्ता पाठ करावा का? (१ म्हणजे आधी गट सुटतो, २ म्हणजे सगळं एकाच पायरीत.)
३. प्रोटॉन कधी हलवायचा आणि कुणी न्यायचा?

'भरपूर सराव करा' हे उत्तर नको. कशाचा सराव, ते सांगा.

भुंगा

पहिला बाण पेनातून काढायचा. ह.घ्या. वाचतोय.

आम्लपित्त

पहिल्या बाणाआधी दोन कामं. सगळ्या लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) आणि फॉर्मल चार्ज (अणूंवरचे प्रभार) लिहून काढा. रेघांच्या आकृतीत न दाखवलेले हायड्रोजनही, निदान कार्बोनिलच्या शेजारचे. मग स्वतःला विचारा: या भांड्यात सगळ्यात आम्लधर्मी हायड्रोजन कुठला, आणि सगळ्यात तगडा बेस कोण? बहुतेक ध्रुवीय रिॲक्शनमध्ये पहिली हालचाल या दोघांतच होते, कारण ऑक्सिजन-नायट्रोजनवरचा प्रोटॉन हलवणं हे कार्बन-कार्बन बंध जोडण्यापेक्षा फार वेगवान असतं.

त्यासाठी पीकेएची (हायड्रोजन किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका लहान तितका जास्त आम्लधर्मी) शिडी पाठ हवी. एवढी एकच गोष्ट मी खुशाल पाठ करायला सांगेन:

हायड्रोक्लोरिक ॲसिड उणे ७, हायड्रोनियम उणे १.७, ॲसिटिक ॲसिड ४.८, अमोनियम ९.२, फिनॉल १०, इथाइल ॲसिटोॲसिटेटचा मधला सीएच२ ११, डायइथाइल मॅलोनेट १३, पाणी १५.७, इथेनॉल १६, ॲसिटोन १९ ते २०, साधा एस्टर २५, टोकाचा अल्काइनही २५, डायआयसोप्रोपिलअमाइन ३६, अमोनिया ३८, मिथेन ४८च्या पुढे.

वापर असा. दोन पीकेएंमधला फरक हा समतोलाच्या स्थिरांकाचा १० वरचा घात. मॅलोनेट (१३) आणि इथॉक्साइड (इथेनॉलचा १६): फरक ३, म्हणजे स्थिरांक साधारण १०००, मॅलोनेट जवळजवळ सगळं एनोलेट (कार्बोनिलशेजारचा प्रोटॉन गेल्यावर उरणारा ॲनायन). ॲसिटोन आणि हायड्रॉक्साइड: फरक उलट्या बाजूने ४, एनोलेट अगदी चिमूटभर, पण आल्डॉलला (एनोलेट दुसऱ्या कार्बोनिलवर जोडलं जाण्याला) तेवढं पुरतं, कारण उरलेलं ॲसिटोन त्या चिमूटभर एनोलेटला हल्ल्यासाठी लागतंच. कीटोन आणि एलडीए (डायआयसोप्रोपिलअमाइनचा प्रोटॉन काढून केलेला बेस): फरक १६, सगळंच्या सगळं एनोलेट, मागे कीटोन शिल्लक नाही. 'बेस टाकला' या एकाच वाक्याचे हे तीन वेगळे अर्थ झाले.

ठरलेली चूक: ग्रिन्यार रिएजंट (मॅग्नेशियमला जोडलेला कार्बन, फार तगडा बेस) कार्बोनिलवर चढवायचा आणि त्याच रेणूतल्या मोकळ्या ओएचकडे बघायचंच नाही. शिडीवर १६ आणि ४८ दिसले की पहिला बाण ओएचकडेच जातो.

शंकासुर

@आम्लपित्त, ॲसिटोनचा पीकेए काही ठिकाणी २६.५ छापलेला असतो. मग १९ खरा की २६?

आम्लपित्त

दोन्ही खरे. १९-२० पाण्यातला, २६.५ डीएमएसओ या सॉल्व्हंटमधला. पाण्याचा स्वतःचा पीकेए डीएमएसओत ३१च्या आसपास जातो, कारण हायड्रॉक्साइडला हायड्रोजन बंधांनी सावरणारं तिथे कुणी नसतं. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्यातल्या आकड्यातून वजा करू नका, एवढं पथ्य पाळा.

निळाई

आम्लपित्त यांच्या यादीच्याही आधीची पायरी सांगते, कारण उत्तरपत्रिकेत खरी गळती तिथे होते: बाणाचं व्याकरण.

वक्र बाण हा अणूचा प्रवास नाही, इलेक्ट्रॉनच्या जोडीचा आहे. शेपूट लोन पेअरवर किंवा बंधावर. टोक एखाद्या अणूवर (तिथे लोन पेअर होणार) किंवा दोन अणूंच्या मध्ये (तिथे बंध होणार). बाण धन प्रभारापासून कधीच निघत नाही, 'एच प्लस' पासून तर नाहीच नाही. प्रोटॉन ऑक्सिजनवर जातो म्हणून हायड्रोजनकडून ऑक्सिजनकडे बाण काढतात. बरोबर उलटा हवा. ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून हायड्रोजनकडे एक बाण, आणि हायड्रोजनला धरून ठेवणाऱ्या जुन्या बंधापासून मागच्या अणूकडे दुसरा. हा दुसरा विसरला की हायड्रोजनला दोन बंध आणि आकृती बाद.

एक इलेक्ट्रॉन हलत असेल तर अर्ध्या टोकाचा बाण. एकाच पायरीत पूर्ण आणि अर्धे बाण मिसळायचे नाहीत.

प्रत्येक पायरीनंतर जमाखर्च: डावीकडच्या प्रभारांची बेरीज उजवीकडे तेवढीच, आणि दुसऱ्या आवर्तातल्या कुठल्याही अणूवर आठाच्या वर इलेक्ट्रॉन नाहीत. नायट्रोजनला पाच बंध दाखवणारे मेकॅनिझम या एका तपासणीत पकडले जातात.

एक बारकावा. प्रोपीनवर एचबीआर जोडताना दुहेरी बंधापासून हायड्रोजनकडे नुसता बाण काढला, तर नवा बंध कुठल्या कार्बनला, हे त्यातून कळतच नाही. बाण टोकाच्या कार्बनच्या अंगाने वळवून काढा आणि पुढच्या आकृतीत धन प्रभार मधल्या कार्बनवर लिहा. ही वक्र बाणांची पद्धत केरमॅक आणि रॉबिन्सन यांच्या १९२२च्या शोधनिबंधापासूनची; शंभर वर्षांत तिची ही संदिग्धता काही गेलेली नाही.

कलिंगड

नायट्रोजनला पाच बंध... काही उत्तरपत्रिकांत कार्बनलाही पाच असतात. उदारमतवादी रसायनशास्त्र.

तिरपी_रेघ

प्रश्न क्र. २ माझा. तक्ता पाठ करू नका, क्रमाने चार प्रश्न विचारा.

पहिला: लीव्हिंग ग्रुप (सुटून जाणारा गट) असलेला कार्बन कसा आहे? प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक म्हणजे त्याला अनुक्रमे एक, दोन, तीन कार्बन जोडलेले. मिथाइल किंवा प्राथमिक असेल तर एसएन१ विसरा (ॲलाइल आणि बेंझाइल सोडून). तृतीयक असेल तर एसएन२ विसरा. पण 'प्राथमिक म्हणजे एसएन२ सुसाट' हेही अर्धवट. निओपेंटिल ब्रोमाइड प्राथमिकच आहे. शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथाइल मागची वाट अडवतात आणि वेग इथाइल ब्रोमाइडच्या लाखाव्या हिश्शाच्या घरात येतो. तेव्हा शेजारचा कार्बनही मोजा.

दुसरा: रिएजंट बेस म्हणून तगडा की न्यूक्लिओफाइल (जोडी घेऊन कार्बनवर हल्ला करणारा) म्हणून? आयोडाइड, अझाइड, सायनाइड, थायोलेट हे चांगले न्यूक्लिओफाइल आणि त्या मानाने सौम्य बेस. द्वितीयक कार्बनवरही यांच्याकडून एसएन२ होतं. इथॉक्साइड दोन्ही आहे, म्हणून २-ब्रोमोप्रोपेनवर इथेनॉलमध्ये त्याचा कल स्पष्टपणे प्रोपीनकडे. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड आडदांड, कार्बनपर्यंत पोचतच नाही, कडेचा हायड्रोजन ओढून मोकळा होतो.

तिसरा: सॉल्व्हंट. पाणी-अल्कोहोल असे प्रोटिक सॉल्व्हंट ॲनायनभोवती हायड्रोजन बंधांचं कोंडाळं करतात. लहान ॲनायनला ते जास्त जखडतं, म्हणून मिथेनॉलमध्ये फ्लोराइड मरगळलेलं आणि आयोडाइड चपळ. डीएमएफ, डीएमएसओ, ॲसिटोनमध्ये हे कोंडाळं नाही. फिंकेलस्टाइन रिॲक्शनमध्ये (क्लोराइड किंवा ब्रोमाइडच्या जागी आयोडाइड बसवताना) ॲसिटोन घेण्याला दुसरंही कारण आहे: सोडियम आयोडाइड त्यात विरघळतं, सोडियम क्लोराइड आणि ब्रोमाइड जवळपास नाही. ते खाली बसतात आणि समतोल पुढे सरकतो.

चौथा: तापमान. एलिमिनेशनमध्ये कणांची संख्या वाढते, एन्ट्रॉपी वाढते. तापवलं की अल्कीनचा वाटा वाढणार.

एवढं झाल्यावरच भूमिती. ई२ला हायड्रोजन आणि लीव्हिंग ग्रुप एका प्रतलात, विरुद्ध दिशांना हवेत. सायक्लोहेक्झेनमध्ये म्हणजे दोघेही अक्षीय (रिंगला उभे). उत्तम उदाहरण मेंथिल क्लोराइड आणि निओमेंथिल क्लोराइड. सोडियम इथॉक्साइडबरोबर निओमेंथिल सुमारे २०० पट वेगाने जातं आणि जास्त प्रतिस्थापित ३-मेंथीन मुख्य मिळतं. मेंथिल क्लोराइडमध्ये क्लोरीन अक्षीय करायला खुर्ची उलटावी लागते, मग तिन्ही गट अक्षीय होतात. शिवाय त्या स्थितीत योग्य हायड्रोजन एकाच बाजूला असतो, म्हणून फक्त २-मेंथीन. झायत्सेव्हचा नियम (जास्त प्रतिस्थापित अल्कीन मुख्य) पाठ असलेले इथे हमखास आपटतात.

शंकासुर

एसएन१ म्हणजे पूर्ण रेसमीकरण (दोन्ही आरसा-प्रतिमा सारख्या प्रमाणात), हे तरी नक्की ना?

तिरपी_रेघ

नाही. लीव्हिंग ग्रुप सुटल्या सुटल्या लांब जात नाही, आयन-जोडी म्हणून त्याच बाजूला घुटमळतो आणि ती बाजू थोडा वेळ झाकलेली राहते. म्हणून बऱ्याच उदाहरणांत उलट्या रचनेचा वाटा थोडा जास्त निघतो. कार्बोकॅटायन जितका स्थिर आणि सॉल्व्हंट त्याला जितका सांभाळणारा, तितकं हे पारडं समान होतं. उत्तरात 'बहुतांशी रेसमीकरण' लिहा.

आणि एसएन१ किंवा ई१ लिहिताना कॅटायन झाला की तिथेच थांबून शेजारी बघा. ३-मिथाइल-२-ब्युटेनॉल आणि एचबीआरमधून २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन मिळतं, कारण शेजारचा हायड्राइड सरकला की द्वितीयक कॅटायन तृतीयक होतो.

आम्लपित्त

प्रश्न क्र. ३, प्रोटॉन.

नियम एकच: माध्यमाशी इमान राखा. आम्लाच्या माध्यमात अल्कॉक्साइड किंवा हायड्रॉक्साइड लिहायचं नाही. सगळे मध्यस्थ उदासीन किंवा धन. बेसच्या माध्यमात मोकळा एच प्लस किंवा प्रोटॉनित अल्कोहोल लिहायचं नाही. सगळे उदासीन किंवा ऋण. आम्लात एस्टरीकरण दाखवताना मध्येच 'मेथॉक्साइड' अवतरलं की समजा गाडी रुळावरून उतरली.

ॲसिटल घ्या, कारण सगळ्या चुका तिथे एकत्र सापडतात. कार्बोनिलचा ऑक्सिजन प्रोटॉन घेतो, अल्कोहोल कार्बनवर येतं, त्याचा जास्तीचा प्रोटॉन दुसरं अल्कोहोल नेतं, हेमिॲसिटल झालं. आता ओएच प्रोटॉनित होऊन पाणी म्हणून निघतं आणि शेजारच्या ऑक्सिजनची लोन पेअर खाली उतरून ऑक्झोकार्बेनियम आयन होतो. मग दुसरं अल्कोहोल येतं. खूप जण हा आयन गाळतात आणि अल्कोहोलने पाण्याला एसएन२ने ढकललं असं दाखवतात. शेजारी लोन पेअर मदतीला असताना तशी गरजच नाही. सगळ्या पायऱ्या उलटसुलट चालतात, म्हणून प्रयोगात डीन-स्टार्क उपकरण लावून पाणी काढत राहावं लागतं.

इमिनमध्ये हाच तिढा पीएचच्या रूपाने दिसतो. वेग साधारण पीएच ४ ते ५ला सर्वांत जास्त. त्याखाली अमाइनच प्रोटॉनित होऊन बसतं, हल्ला करायला लोन पेअर उरत नाही. त्यावर ओएचला पाणी करून घालवायला आम्ल कमी पडतं.

शंकासुर

आणि बेस चिमूटभर पुरतो की पूर्ण मोल लागतो, हे मेकॅनिझमवरून कळतं का?

निळाई

कळतं. शेवटच्या पायरीत बेस परत मिळतो का बघा. आल्डॉलमध्ये अल्कॉक्साइड पाण्यातून प्रोटॉन घेतं आणि हायड्रॉक्साइड परत देतं, म्हणून उत्प्रेरकी मात्रा. क्लेझनमध्ये (दोन एस्टर एकमेकांना जोडताना) तयार झालेल्या बीटा-कीटोएस्टरचा मधला हायड्रोजन (पीकेए ११) इथॉक्साइड ओढून घेतं आणि अडकतं, म्हणून पूर्ण एक मोल. ती शेवटची प्रोटॉनची पायरीच आधीच्या प्रतिकूल पायऱ्यांना पुढे ओढते. पुरावा हवा तर इथाइल आयसोब्युटिरेट घ्या: क्लेझन झालं तरी मध्ये हायड्रोजन उरत नाही, म्हणून इथॉक्साइडने काही हाती लागत नाही.

फ्रीडेल-क्राफ्ट्सचं (बेंझीनच्या रिंगला कार्बनचा गट जोडण्याचं) तसंच. अल्किलेशनला ॲल्युमिनियम क्लोराइड थोडं चालतं. ॲसिलेशनमध्ये तयार झालेला कीटोन त्याला धरून बसतो, म्हणून एका मोलपेक्षा जास्त.

षटकोन

इथवर सगळं छान, पण धागा फारच पीकेएमय झालाय. शिडीवरून बरंच कळतं, सगळं नाही. सायक्लोपेंटाडाइन बाटलीत ठेवलं तरी हळूहळू स्वतःशीच डील्स-आल्डर (दोन रेणू जुळून सहा अणूंची रिंग) करून डायमर होतं, आणि वापरायच्या आधी साधारण १७० अंशांना तापवून फोडावं लागतं. तिथे कुठला प्रोटॉन आणि कुठला बेस?

सैद्धांतिक पेपर म्हणजे ऑर्बिटलही आलेच. न्यूक्लिओफाइल कार्बोनिलवर सरळ नव्वद अंशांत उतरत नाही, साधारण १०७ अंशांच्या कोनातून येतो (ब्युर्गी-ड्युनिट्झ), कारण पाय-स्टार या रिकाम्या ऑर्बिटलचा मोठा पाकळा तसा कललेला आहे. वर तिरपी_रेघ यांनी सांगितलेला ई२चा 'विरुद्ध दिशा' नियमही ऑर्बिटलचाच.

पेरिसायक्लिकमध्ये (एकाच पायरीत इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरणाऱ्या रिॲक्शनमध्ये) तर बाण दोन्ही दिशांनी फिरवले तरी उत्तर तेच येतं, म्हणजे बाण जवळपास मुके. तिथे करायचं ते असं. फिरणाऱ्या पाय इलेक्ट्रॉनची संख्या मोजा. उष्णतेने होणाऱ्या रिंगबंदीत चार इलेक्ट्रॉन असतील तर टोकं एकाच दिशेने फिरतात (कॉनरोटेटरी), सहा असतील तर विरुद्ध दिशांनी (डिसरोटेटरी). प्रकाशाने उलटं. ट्रान्स,सिस,ट्रान्स-२,४,६-ऑक्टाट्रायीन तापवा: सहा इलेक्ट्रॉन, डिसरोटेटरी, दोन्ही मिथाइल एकाच बाजूला, सिस-५,६-डायमिथाइल-१,३-सायक्लोहेक्झाडाइन. हे नियम वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५मध्ये मांडले. फ्रंटियर ऑर्बिटलची कल्पना फुकुई यांची, १९५२ची. १९८१चं नोबेल फुकुई आणि हॉफमन यांना मिळालं, वुडवर्ड १९७९मध्येच गेले होते.

आम्लपित्त

मान्य. पण पेपरात पेरिसायक्लिकचे प्रश्न ओळखू येतात: आम्ल नाही, बेस नाही, नुसता उष्णतेचा त्रिकोण किंवा प्रकाशाचं चिन्ह. उरलेल्यांत शिडीच.

षटकोन

एवढं सोपं नसतं. क्लेझन पुनर्रचनेत (ही वरच्या एस्टरवाल्या क्लेझनहून वेगळी) आधीच्या पायरीत आम्ल असू शकतं, आणि कोप पुनर्रचनेची ऑक्सि-ॲनायन आवृत्ती बेसच टाकून केली जाते. एकाआड एक दुहेरी बंध किंवा १,५-डाइन दिसली की भांड्यात काय टाकलंय याआधी सहा अणूंचं वर्तुळ जुळतं का बघा.

प्रयोगवही

बाण काढण्याबद्दल सगळे बोलले, बाण खरा कशावरून याबद्दल कुणीच नाही. सैद्धांतिक अभ्यासात मला हाच भाग मुख्य वाटतो. मेकॅनिझमची प्रत्येक पायरी हा एक दावा आहे आणि तो खोडता आला पाहिजे. पुराव्याचे प्रयोग वाचले की मेकॅनिझम वेगळा पाठ करावा लागत नाही.

एसएन२मध्ये प्रत्येक हल्ल्याला रचना उलटते कशावरून? १९३५मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी प्रकाशक्रियाशील २-आयोडोऑक्टेन किरणोत्सारी आयोडाइडबरोबर ठेवलं. रेसमीकरणाचा वेग आयोडीनच्या अदलाबदलीच्या दुप्पट निघाला. एक रेणू उलटला की तो न उलटलेल्या एका रेणूचं वळण पुसून टाकतो, म्हणून नेमका दुप्पट. प्रत्येक अदलाबदलीत रचना उलटत असेल तरच हे जमतं.

एस्टरीकरणात पाण्याचा ऑक्सिजन कुणाचा? रॉबर्ट्स आणि युरी, १९३८: ऑक्सिजन-१८ असलेलं मेथॅनॉल आणि बेंझॉइक ॲसिड. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे अल्कोहोलचा कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतच नाही.

टेट्राहेड्रल मध्यस्थ खरंच असतो का? बेंडर, १९५१: कार्बोनिलमध्ये ऑक्सिजन-१८ घातलेल्या एस्टरचं जलविघटन मध्येच थांबवलं; न बदललेल्या एस्टरमधला जड ऑक्सिजन कमी झालेला होता. पाण्याचा ऑक्सिजन आत येऊन बरोबरीने बसला आणि जुना निघून गेला, असा थांबा वाटेत असल्याशिवाय हे होत नाही.

ॲसिटोनचं ब्रोमिनेशन आम्लात करा: वेग ब्रोमीनच्या प्रमाणावर अवलंबून नाही. लॅपवर्थ, १९०४. म्हणजे संथ पायरी ब्रोमीन येण्याआधीची, एनॉल होण्याची.

बेंझाइन (बेंझीनच्या रिंगमध्ये तिहेरी बंध) तर कागदावर काढायलाही संकोच वाटावा अशी गोष्ट. १९५३मध्ये जे. डी. रॉबर्ट्स यांनी क्लोरीनच्या कार्बनवर कार्बन-१४ घालून क्लोरोबेंझीन द्रव अमोनियात पोटॅशियम अमाइडबरोबर ठेवलं. ॲनिलीनमध्ये नायट्रोजन निम्मा खूण केलेल्या कार्बनवर, निम्मा शेजारच्यावर.

भुंगा

+१. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). दुप्पट वेगाचं कारण पहिल्यांदाच कळलं.

शंकासुर

@प्रयोगवही, ड्युटेरियमचं काय? 'आयसोटोप परिणाम ७' असं कुठेकुठे येतं.

प्रयोगवही

कार्बन-हायड्रोजन बंध संथ पायरीत तुटत असेल, तर त्या जागी ड्युटेरियम घातल्यावर वेग खोलीच्या तापमानाला ६-७ पटींपर्यंत कमी होतो. ई२मध्ये असा परिणाम दिसतो, ई१मध्ये नाही, कारण तिथे संथ पायरी लीव्हिंग ग्रुप सुटण्याची. मेलँडर यांनी १९५०मध्ये ट्रिशियम वापरून दाखवलं की नायट्रेशनमध्ये असा परिणाम नाही. इलेक्ट्रोफाइल आधी जुळतो, हायड्रोजन नंतर, वेगाने जातो. रिंगवरच्या प्रतिस्थापनात दोन पायऱ्या का काढतात, त्याचं कारण हे.

पण आकडा लहान आला म्हणून बंध तुटत नाही, असा उलटा निष्कर्ष लगेच काढू नका. प्रोटॉन अर्ध्या वाटेवर नसेल, ट्रांझिशन स्टेट (वाटेतला ऊर्जेचा माथा) फार आधी किंवा फार उशिरा असेल, तरी परिणाम कमी दिसतो.

कलिंगड

रच्याकने, हे सगळं आता संगणकावर काढता येतं ना? बाण कशाला काढत बसायचे?

षटकोन

काढता येतं, पण प्रश्न तुम्हालाच विचारावा लागतो. डीएफटी या गणनेच्या पद्धतीने ट्रांझिशन स्टेट शोधायला आधी अंदाजाची आकृती द्यावी लागते, आणि ती बाण काढणाऱ्याच्याच डोक्यातून येते. मिळालेल्या रचनेत काल्पनिक कंपनसंख्या नेमकी एक हवी. त्यानंतर आयआरसी (माथ्यावरून दोन्ही उतारांचा माग) चालवून ती वाट दोन्हीकडे अपेक्षित संयुगांनाच मिळते का, हेही बघायचं. हे दुसरं गाळलं की भलत्याच रिॲक्शनचा ट्रांझिशन स्टेट हाती लागतो.

शिवाय २५ अंशांना ऊर्जेतला ५.७ किलोज्यूल प्रति मोल फरक म्हणजे वेगात दहा पट. तेवढी चूक गणनेत, विशेषतः आयन आणि सॉल्व्हंट आले की, सहज होते. उत्पादनांचं गुणोत्तर सांगायला ते फार भरवशाचं नाही.

निळाई

शेवटचा शब्द प्रयोगाचाच, नॉरबॉर्निल कॅटायनचा वाद याचं उदाहरण. विन्स्टाइन म्हणत होते प्रभार तीन कार्बनमध्ये वाटलेला आहे, ब्राउन म्हणत होते दोन साधे कॅटायन वेगाने अदलाबदल करतात. दशकानुदशकं भांडण चाललं. स्फटिकाची रचना २०१३मध्ये मिळाली आणि ती विन्स्टाइन यांच्या बाजूची निघाली.

कोरा_कागद

धन्यवाद मंडळी. आता एक प्रश्न सोडवून दाखवा, म्हणजे शिडी, जमाखर्च आणि भूमिती तिन्ही एकत्र दिसतील. २-मिथाइलसायक्लोहेक्झेन-१,३-डायोन आणि मिथाइल व्हिनाइल कीटोन, मग बेस आणि उष्णता. काय मिळेल?

भुंगा

मी करतो. डायोनमधला मधला हायड्रोजन सगळ्यात आम्लधर्मी, दोन कार्बोनिलच्या मध्ये. तो गेला की तो कार्बन एनोनच्या (इथे मिथाइल व्हिनाइल कीटोनच्या) टोकाला जोडला जाणार, म्हणजे मायकेल रिॲक्शन. आता ट्रायकीटोन. मग बाजूच्या साखळीतला कार्बोनिलशेजारचा सीएच२ रिंगमधल्या कार्बोनिलवर हल्ला करणार आणि पाणी जाणार. बरोबर?

तिरपी_रेघ

मायकेलपर्यंत चोख. पुढे अणू मोजा. तो सीएच२ रिंगच्या कार्बोनिलला जोडला की रिंग होते: तो स्वतः, त्याच्या शेजारचा सीएच२, चार कार्बनांना जोडलेला कार्बन, आणि कार्बोनिलचा कार्बन. चार अणू. चौकोनी रिंगचा ताण कोण घेणार? साखळीच्या दुसऱ्या टोकाचा मिथाइल घ्या, सहा अणूंची रिंग होते.

तिसरा पर्यायही आहे: रिंगमधला सीएच२ साखळीतल्या कीटोनवर जाऊ शकतो. तिथेही सहाच अणू, पण पूल असलेली दुहेरी रिंग होते. मग तिथून पाणी सोप्या वाटेने जात नाही, कारण दुहेरी बंध पुलाच्या टोकाशी करावा लागतो, आणि ब्रेड्टच्या नियमाने तो तिथे जमत नाही. आल्डॉल उलटसुलट चालतं, म्हणून तो माल परत मागे येतो आणि शेवटी सगळं ज्या वाटेने पाणी निघून जातं तिकडे वळतं.

आम्लपित्त

पायरीपायरीने आकडे. डायोनचा पीकेए ५च्या आसपास, म्हणून मायकेलसाठी तगडा बेस लागतच नाही. पाण्यात थोडं ॲसिटिक ॲसिड घालून ७० ते ७५ अंशांना हे केलं जातं, आणि एनोनचं पॉलिमर होऊ नये म्हणून हायड्रोक्विनोन चिमूटभर. आल्डॉलच्या पायरीत मात्र साध्या कीटोनचा मिथाइल, पीकेए १९-२०, म्हणून तिथे बेस किंवा अमाइन हवं.

पाणी जाताना ओएच थेट ई२ने घालवू नका. हायड्रॉक्साइड वाईट लीव्हिंग ग्रुप आहे. आधी कार्बोनिलशेजारचा हायड्रोजन जाऊन एनोलेट, मग एनोलेटची जोडी आत ढकलून हायड्रॉक्साइड बाहेर. दोन पायऱ्या, ई१सीबी. दुहेरी बंध कार्बोनिलशी संयुग्मित झाल्यामुळे हे परवडतं.

निळाई

आणि शेवटी जमाखर्च. डायोन सी७एच१०ओ२, एनोन सी४एच६ओ, बेरीज सी११एच१६ओ३, वजा पाणी: सी११एच१४ओ२, रेणुभार १७८. हाच विलँड-मीशर कीटोन. दोन रिंगांच्या सांध्यावर मिथाइल असलेला कार्बन कायरल आहे. साध्या बेसने रेसमिक मिळतो, एल-प्रोलीन वापरलं तर एका बाजूकडे झुकतो, कारण प्रोलीन साखळीतल्या कीटोनबरोबर एनामाइन करतं आणि दोन सारख्या कार्बोनिलपैकी एकच निवडतं.

शंकासुर

मिथाइलच नसलेला सायक्लोहेक्झेन-१,३-डायोन घेतला तर?

आम्लपित्त

मायकेल होईल, पण मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन उरतो आणि तो अजूनही आम्लधर्मीच. बेस टाकला की आधी तोच जाणार, रिंगमधले दोन्ही कार्बोनिल एनोलेटमध्ये गुंतणार आणि हल्ला घ्यायला नाखूश होणार. वर तो एनोलेट दुसऱ्या एनोनवरही जाऊ शकतो, म्हणजे दुहेरी मायकेलचा माल मिसळला. एनोन मोजून, एका मोलच्या वर जाऊ न देता टाका.

भुंगा

चौकोनी रिंग खोडली. पण आल्डॉल दोन्ही वाटांनी उलटसुलट चालतं, तर मायकेलही उलटं चालेल ना? तापवत ठेवलं तर ट्रायकीटोन सुटून परत एनोन बाहेर पडणार नाही?

तिरपी_रेघ

पडू शकतो, आणि मोकळा झाला की बेसमध्ये पॉलिमर होतो. म्हणून दोन्ही पायऱ्या एका भांड्यात तापवण्यापेक्षा ट्रायकीटोन आधी वेगळा काढून घेतात, मग बेस किंवा अमाइन.